बोट थांबली की उतरायचं



बरेच दिवस लिहिणं झालं नाही. लग्नसराई, पाहुणे, मग उन्हाळी कामं. पापड-कुरडयांची पोस्ट अर्धीच लिहून पडली आहे, ती पुढच्या वेळी. आज फेब्रुवारीतल्या जहाजाच्या सहलीबद्दल लिहिते. फोटो पाहून बऱ्याच जणींनी विचारलं होतं, "जेवणाचं काय केलंत?" ते सांगतेच, पण मला खरं सांगायचंय ते जहाज गोव्याला थांबलं त्या दिवसाबद्दल.

आधी थोडं घरातलं. माझं माहेर शिरोळ तालुक्यातलं, सासर रत्नागिरीचं. सासूबाईंचं माहेर मुंबईचं. त्या ७७ वर्षांच्या आहेत, आम्ही सगळे त्यांना आई म्हणतो. १९६८ साली लग्न होऊन त्या भाऊच्या धक्क्यावरून बोटीनं रत्नागिरीला आल्या. तेव्हा कोकण रेल्वे कुठली, ती १९९८ ला पूर्ण झाली. पावसाळा सोडून बोटच सोयीची. वाटेत हर्णै, दाभोळ, जयगड अशी बंदरं लागायची. बोट खोल पाण्यात उभी राहायची, किनाऱ्यावरून होड्या यायच्या, माणसं आणि बोचकी चढायची-उतरायची, की बोट पुढे.

आई ही गोष्ट सांगतात तेव्हा शेवटी एक वाक्य ठरलेलं असतं. "सगळी बंदरं बघितली गं, पण कठड्याला धरून. एकाही गावात पाय नाही ठेवला." नवी नवरी, डोक्यावर पदर. सासऱ्यांना "खाली उतरून बघू का" असं विचारायची सोय नव्हती, आणि उतरलं असतं तर बोट थांबणारही नव्हती.

आमच्या ह्यांनी आणि धाकट्या दिरांनी मुंबई-गोवा-मुंबई जहाजाची सहल ठरवली, तेव्हा हे वाक्य माझ्या मनात होतं. आईंना गुडघ्यामुळे यायला जमणार नव्हतं. निघताना त्या एवढंच म्हणाल्या, "थांबेल तिथं उतर हो."

आता जेवणाचं. जहाजावर जैन जेवणाची वेगळी सोय होती, कांदा-लसूण-बटाटा नसलेली. बुकिंग करतानाच लिहून द्यावं लागतं, हे लक्षात ठेवा. आमचं रात्रीचं जेवण नसतं हे मात्र तिथं गेल्यावर समजावून सांगावं लागलं, कारण संध्याकाळचं जेवण सूर्यास्तानंतर लागायचं. शेवटी आम्हाला पाचच्या सुमाराला ताटं वाढून द्यायचं कबूल केलं. म्हणजे गोव्याहून पाचच्या आत परत येणं ही नुसती जहाजाचीच अट नव्हती, पोटाचीही होती! शिवाय घरून दशम्या, मेथीचे ठेपले, शेंगदाण्याची चटणी आणि गाळून उकळलेलं पाणी नेलं होतंच.

जहाज सकाळी आठला मुरगाव बंदराला लागलं. सगळ्यांनी साडेचारच्या आत परत चढायचं, असं आदल्या रात्रीच सांगितलं होतं. पुरुष मंडळी जहाजाच्या सहलीला निघाली, जुन्या गोव्यातली चर्च आणि एक समुद्रकिनारा. मला समुद्र बघायचा नव्हता. रत्नागिरीत रोज बघते. मला फोंडा तालुक्यातल्या बांदिवड्याची नेमिनाथांची बस्ती बघायची होती.

गोव्यात आपली बस्ती आहे हे आपल्यातल्या किती जणींना माहीत असेल? मलाही नव्हतं. बांदिवडे म्हटलं की आपण महालक्ष्मीचं नाहीतर नागेशीचं देऊळ ऐकलेलं असतं. पण त्याच गावात २२ वे तीर्थंकर नेमिनाथ भगवानांच्या बस्तीचे अवशेष आहेत. श्रीपाल नावाच्या राजानं ती बांधली असं सांगतात, आणि १५ व्या शतकात, विजयनगरच्या काळात तिचा जीर्णोद्धार झाल्याचं शिलालेखावरून समजतं. आज तिथं मूर्ती नाही, पूजा नाही. ते सरकारी संरक्षित स्मारक आहे. सहलवाल्यांच्या यादीत ते नाव नव्हतं. टॅक्सीवाल्यानं सांगितलेला आकडा ऐकून हे म्हणाले, "चार पडक्या भिंतींसाठी?"

मला राग आला नाही. त्यांच्या दृष्टीनं बरोबरच होतं. पण मी म्हटलं, "मग मी बसनं जाते." बोलून गेले आणि मग माझ्याच पोटात गोळा आला. ५६ वर्षांच्या वयात, दुसऱ्या राज्यात, घरातल्या पुरुषाशिवाय मी कधी कुठं गेले नव्हते. रत्नागिरीत एसटीनं फिरते, पण तिथं निम्मे कंडक्टर ओळखीचे. धाकटी जाऊ म्हणाली, "ताई, मी येते. चुकलो तर दोघी चुकू." हे मात्र गप्प झाले. त्यांनी खिशातले सुटे पैसे काढून माझ्या हातात ठेवले, तेवढंच.

आता आम्ही कशा गेलो ते नीट सांगते, कोणाला उपयोग होईल.

बंदराच्या आत पायी फिरू देत नाहीत. जहाजाची बस गेटपर्यंत सोडते. परत येताना गेटवर जहाजाचं कार्ड आणि आधार कार्ड दोन्ही बघतात, म्हणून ती पर्समध्ये वेगळ्या कप्प्यात ठेवली. गेटबाहेरच्या रस्त्यावरून मिनीबसनं वास्को. वास्कोच्या कदंब स्टँडवर पणजीची शटल मिळते. कदंब म्हणजे गोव्याची एसटी, जुन्या कदंब राजांच्या नावावरून. शटलचं तिकीट चढायच्या आधी खिडकीवर घ्यायचं, रांगेनं बसायचं, आणि गाडी मध्ये कुठंही थांबत नाही. मला ही पद्धत फार आवडली. धक्काबुक्की नाही, रुमाल टाकून जागा धरणं नाही. खिडकीवर मी सवयीनं म्हटलं, "दोन महिला." तिकीटवाला बघत राहिला. आपल्याकडे १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, ते गोव्यात कुठलं! धाकटी इतकी हसली की मागच्या बायकाही हसायला लागल्या. तिथंच माझी अर्धी भीती गेली.

झुआरी नदीवरचा नवा पूल आला. दोरांनी तोलून धरलेला, उंच. खाली पाणी चकाकत होतं आणि जुना पूल शेजारी बुटका दिसत होता. साडेदहाच्या आत पणजी. तिथून फोंड्याच्या खासगी बस सारख्या सुटतात, कंडक्टर दारात उभा राहून "फोंडा फोंडा" ओरडत असतो. ही बस मात्र सगळीकडे थांबणारी. जुन्या गोव्याची चर्च खिडकीतूनच दिसली. बाणस्तारीचा पूल, मग मंगेशी, म्हार्दोळ. कोणी भाजीची टोपली घेऊन चढतं, कोणी शाळेतलं पोर. एका आजोबांनी जागा करून दिली आणि कुठून आलात विचारलं. रत्नागिरी म्हटल्यावर लगेच आंब्याची चौकशी. हापूस आमचा चांगला की त्यांचा मानकुराद, यावर फोंडा येईपर्यंत वाद चालला. मी माघार घेतली नाही.

फोंड्याहून पुढे रिक्षा केली, हे कबूल करते. बसचा शेवटचा टप्पा आम्हाला कळला नाही आणि घड्याळ पळत होतं. रिक्षावाल्यानं आधी आम्हाला नागेशीच्या देवळाशी नेलं. देवळात जाणाऱ्या बायका म्हणजे नागेशीलाच, असं त्याला वाटलं असावं. तिथं एका दुकानदाराला विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "बस्ती? ती जैनांची?" आणि रस्ता दाखवला. बस्ती हा शब्द ऐकून मला भरून आलं. शिरोळकडे आम्ही मंदिराला बस्तीच म्हणतो. रत्नागिरीत मी तो शब्द वापरला की लोकांना झोपडपट्टी वाटते. आणि इथं, जिथं पूजा करणारं कोणी दिसत नाही, तिथं शब्द मात्र राहिला आहे.

बारा वाजता पोचलो. जांभ्या चिऱ्याच्या भिंती. आपल्या रत्नागिरीच्या घरांचा असतो तोच लाल, भोकाभोकांचा दगड, पावसानं काळवंडलेला. वर आकाश. गवत वाळलेलं, कुठं कुठं भिंतीतून झाड आलेलं. आम्ही दोघी आणि एक कुत्रं, बाकी कोणी नाही.

चपला काढल्या. आत जाऊन उभ्या राहिलो, आणि दोघींनाही कळेना पुढे काय करायचं. आपण मंदिरात जातो तेव्हा पाय आपोआप पुढे जातात, डोळे मूर्तीवर जातात, हात जुळतात. तांदूळ वाहतो, प्रदक्षिणा घालतो. इथं समोर काहीच नव्हतं. धाकटी हळूच म्हणाली, "ताई, नमस्कार कुठं करायचा?"

मला उत्तर आलं नाही. वाटलं, हे म्हणाले तेच खरं का? चार पडक्या भिंतींसाठी मी एवढा आटापिटा केला का?

मग आम्ही तिथंच खाली बसलो. सामायिक करायला ४८ मिनिटं लागतात, तेवढा वेळ नव्हता. नऊ वेळा णमोकार म्हटला आणि थोडा वेळ कायोत्सर्गात बसलो. डोळे मिटल्यावर मला नेमिनाथ भगवानांचं लांछन आठवलं, शंख. समुद्रातलाच तो. आणि राजुलमतीची गोष्ट आठवली, वरात दाराशी आली असताना कोंडलेल्या जनावरांचा आकांत ऐकून भगवान परत फिरले ती. लहानपणी ती ऐकताना मला नेहमी राजुलमतीचं वाईट वाटायचं. ती नटून-थटून सज्जात उभी राहून बघत होती. मग तीही उतरली, त्याच वाटेनं गिरनार चढली. हे आपण सगळ्याजणी लहानपणापासून ऐकतो, पण त्या दिवशी पहिल्यांदा मला ती उतरणारी बाई म्हणून दिसली.

डोळे उघडले तेव्हा नमस्कार कुठं करायचा हा प्रश्न उरला नव्हता. उठलो आणि चारी दिशांना हात जोडले. सिद्धांना कुठं आकार असतो? आपण रोज म्हणतो ते, पण मूर्ती समोर असताना त्याचा विचार करायची वेळ येत नाही.

निघताना धाकटीनं खाली पडलेला जांभ्याचा एक छोटा तुकडा उचलला. "आईंना देऊ. त्यांना हात लावायला मिळेल." माझंही मन झालं. पण दिल्याशिवाय घ्यायचं नाही, हे आपलं व्रत. तिथं द्यायला कोणी नव्हतं, म्हणजे घेताही येणार नव्हतं. तिनं तुकडा होता तिथं परत ठेवला, अगदी जपून, खाली मुंग्या आहेत का ते बघून. म्हणाली, "मग आईंना काय न्यायचं?" मी म्हटलं, "बघू."

एक वाजता फोंड्याच्या स्टँडवर आलो. बाकावर बसून दशम्या खाल्ल्या. आलो तसंच पणजीवरून परत जायचं असा माझा बेत होता. शेजारी अबोलीचे वळेसर घेऊन एक बाई बसल्या होत्या. कुठं जायचंय विचारलं, आम्ही सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला. पणजीच्या रस्त्याला या वेळी गर्दी लागते, तुम्ही मडगावला जा, बोरीच्या पुलावरून, तिथून वास्कोची शटल घ्या, असं त्यांनी कोकणी-मराठीत सांगितलं. त्याही तिकडेच निघाल्या होत्या. नकाशा काढून बघितलं, तर फोंडा, पणजी, मडगाव असा त्रिकोणच होता, आणि मला एकच बाजू माहीत होती. आम्ही त्यांच्या मागे बसमध्ये चढलो. मडगावला उतरताना त्यांनी दोघींना एकेक वळेसर दिला. पैसे घेतले नाहीत. हे मात्र दिलेलं होतं, म्हणून घेतलं.

मडगावच्या शटलला शनिवारची रांग होती. दोन गाड्या भरून गेल्या, तिसरीत जागा मिळाली. पावणेतीन. वास्कोला पोचेपर्यंत साडेतीन होऊन गेले. तिथं बंदराकडची मिनीबस उभी होती, पण भरल्याशिवाय हलेना. पाच मिनिटं, दहा मिनिटं. ह्यांचा फोन आला. ते कधीच परत येऊन बसले होते. "कुठं आहात?" एवढाच प्रश्न, पण आवाजावरून कळलं. धाकटीच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं. जहाजाची स्वतःची सहल उशिरा आली तर जहाज थांबतं. आपण आपल्या आपण गेलो तर थांबत नाही. हा नियम मी वाचला होता, त्या वेळी तो अंगावर आला.

मग मी मिनीबसमधून उतरले आणि टॅक्सी केली. शेवटचा टप्पा टॅक्सीनं गेलो. दिवसभर बसनं फिरलो असं मिरवायला मिळालं नाही, पण चार वाजून पाच मिनिटांनी गेटवर होतो. हे गेटच्या आतल्या बाजूला उन्हात उभे होते. काही बोलले नाहीत. धाकटीच्या केसांतली अबोली बघून म्हणाले, "मिळाली का बस्ती?" मी म्हटलं, "मिळाली." पाच वाजता ताटं आली, सूर्य अजून बराच वर होता.

तुमच्यापैकी कोणी असं जाणार असेल, तर मी चुकून शिकले ते सांगते. परत चढायच्या वेळेतून दोन तास आधीच वजा करा आणि उरलेल्या वेळेतच बेत बसवा. मी एकच तास ठेवला होता. लांबचं ठिकाण आधी बघा, जवळचं नंतर. जायचा रस्ता आणि यायचा रस्ता असे दोन ठाऊक असू द्या. टॅक्सीपुरते पैसे वेगळे बांधून ठेवा आणि वेळ आली की ते खर्च करायला लाजू नका. सुटे पैसे, पाणी, खाणं जवळ ठेवा. आणि शेजारी बसलेल्या बाईशी बोला. त्या वळेसरवाल्या बाई भेटल्या नसत्या, तर मी हे कदाचित मुरगावच्या धक्क्यावर बसून लिहिलं असतं.

घरी आल्यावर आईंना सगळं सांगितलं. पर्समधून बसची तिकिटं काढून त्यांच्या हातात दिली, वास्को ते पणजी, पणजी ते फोंडा, फोंडा ते मडगाव, मडगाव ते वास्को. आणण्यासारखं आमचं स्वतःचं तेवढंच होतं. त्यांनी चष्मा लावून एकेक वाचलं, मग विचारलं, "उतरताना पाय ओले झाले का?"

मला क्षणभर कळेना. मग लक्षात आलं, त्यांच्या वेळी होडीतून उतरताना लुगडं गुडघ्यापर्यंत भिजायचं. मी म्हटलं, "नाही आई, आता जिना असतो." त्यांना ते फारसं पटलं नाही. तिकिटं त्यांनी जपमाळेच्या डबीत ठेवली. शाई उडून जाईल हे मी सांगितलं नाही.

आणि मार्चमध्ये एके दिवशी सकाळी मी त्यांना म्हटलं, "आई, जयगडला जायचं का? एसटीनं." त्यांनी गुडघा पुढे केला. मी म्हटलं, "हळू हळू चढू." रत्नागिरीच्या स्टँडवर त्यांनी आधार कार्ड दाखवलं, ७५ च्या पुढच्यांना एसटी मोफत. माझं अर्धं तिकीट. कंडक्टरनं त्यांची पिशवी धरली आणि त्या चढेपर्यंत घंटी मारली नाही.

जयगडला आता मोठं बंदर आहे, वीजप्रकल्प आहे. पण खाडीच्या तोंडावरचा किल्ला आहे तिथंच आहे. किल्ल्यावर त्यांना चढवणं शक्य नव्हतं. आम्ही जेट्टीवर गेलो. पलीकडे तवसाळला जाणारी फेरीबोट माणसं आणि गाड्या भरत होती. आई काठी टेकून उभ्या राहिल्या आणि समुद्राकडे बोट दाखवून म्हणाल्या, "तिथं उभी होती आमची बोट. तिथून मी हे बघत होते."

मग त्यांनी खाली वाकून, मला न विचारता, चप्पल काढली आणि पाय जमिनीवर टेकवला. मी घड्याळ बघितलं नाही. परतीची बस तीनला होती, आणि ती चुकली असती तर पुढची होतीच.